उलट्या बाजूची प्रत

सिल्वासातल्या एका सरकारी कचेरीत मी नोकरी केली आणि तिथूनच निवृत्त झाले. काय काम करायचीस असं कुणी विचारलं की मी सांगते, कागद तयार करायची. म्हणजे काय ते कुणालाच कळत नाही. मग झेरॉक्स काढायची म्हणावं लागतं, आणि समोरच्याचा चेहरा पडतो. बटण दाबायला काय लागतं, असं माझ्या सख्ख्या दिराचंही मत होतं. बटण दाबायला खरंच काही लागत नाही. माझं काम बटणाच्या आधीचं होतं.

मशीनच्या वर एक ट्रे असतो. त्यात कागदांची थप्पी ठेवली की मशीन एकेक कागद आपोआप आत ओढून घेतं. त्याला फक्त सरळ, कोरडा आणि एकटा कागद कळतो. आमच्याकडे येणारे कागद मात्र तसे कधीच नसायचे. टाचण्या, गंजलेल्या पिना, फायलीची दोरी, खळीने चिकटवलेले फोटो. पिनेचा एक तुकडा आत राहिला तर काचेवर ओरखडा उठतो, आणि मग जन्मभर प्रत्येक प्रतीवर एक काळी रेघ येत राहते. पावसाळ्यात इथली हवा अशी, की कागद सादळलेल्या पापडासारखे मऊ पडून एकमेकांना धरून बसतात. दोन कागद जोडीने आत गेले की चुरगळलेच. म्हणून पत्ते पिसावेत तशी थप्पी फुलवून तिच्यात वारा खेळवायचा, दुमडलेले कोपरे उलट्या बाजूने मोडायचे, घडीवर कोरडं फडकं घालून कोमट इस्त्री फिरवायची. पातळ, फाटका, जुना कागद ट्रेमध्ये घालायचाच नाही. तो हाताने काचेवर ठेवायचा. कोणता कागद ट्रेमध्ये आणि कोणता काचेवर, एवढं ज्याला कळलं त्याला निम्मं काम आलं.

मी मूळची गुहागरकडची. नवऱ्याला इथल्या शाळेत नोकरी लागली म्हणून आले आणि सुनीताबेन झाले. इथे मॅडम, काकू, ताई सगळं बेनमध्ये मिसळून जातं. एका खिडकीवर मराठी, गुजराती, हिंदी आणि वारली एकाच दमात बोलावं लागायचं. राखोलीच्या कारखान्यातले पोरगे पाळी संपवून यायचे. खिशात आठ घड्या घातलेला, घामाने भिजून वाळलेला दाखला असायचा. "बेन, जरा जल्दी, बस निकल जायेगी." तो दाखला उलगडताना हातातच चार तुकडे होणार हे मला दिसायचं, त्याला दिसायचं नाही. मी म्हणायची, "बस दुसरी येते रे, दाखला दुसरा यायला वर्ष जाईल."

सुरंगीहून एक म्हातारी आली होती. तिच्याकडे लुगड्याच्या पदरात गुंडाळलेला एकच कागद होता. मशीनमध्ये कागद जातो आणि दुसरीकडून दुसराच बाहेर येतो, हे तिने आधीच्या माणसाच्या वेळी पाहिलं होतं. तिला वाटलं, आपला ठेवून घेतात आणि बदल्यात हा देतात. कागद सोडायला ती तयार होईना.

"मी नाय सोडायची," म्हणाली.

"नका सोडू. धरूनच काचेवर ठेवा."

तिने कोपरा धरून ठेवला, मी झाकण न लावता प्रत काढली. प्रतीवर कागदाबरोबर तिचा अंगठा, दोन बोटं आणि मनगटातल्या बांगड्या उमटल्या. अक्षर सगळं स्वच्छ होतं. साहेबांनी प्रत पाहिली, म्हातारीकडे पाहिलं, आणि सही करून टाकली. म्हणाले, "अर्जदार समक्ष हजर आहे, अजून काय पुरावा हवा?"

अशा गमती पुष्कळ आहेत. पण हे लिहायला बसले ते भामरेभाऊंच्या कामासाठी.

प्रभाकर भामरे आमच्या कचेरीत टेलिफोनच्या बोर्डावर होते. धुळ्याकडचे. जन्मापासून दृष्टी नव्हती. कचेरीतले सगळे नंबर त्यांना पाठ आणि सगळ्यांचे आवाजही पाठ. जिन्यावरून कोण येतंय ते चपलेवरून ओळखायचे. त्यांच्या पत्नी मंदावहिनी, त्याही अंधच. दोघं एकाच अंधशाळेतले. वहिनी गेल्यावर भाऊ फार बोलेनासे झाले होते, पण बोर्डावरचा आवाज तसाच प्रसन्न असायचा. तो बहुतेक फोनपुरता राखलेला होता.

एक दिवस जेवणाच्या सुट्टीत ते भिंतीच्या कडेकडेने माझ्या खोलीत आले. हातात साडीचं खोकं होतं.

"ताई, एक काम होतं. कचेरीचं नाही, माझं आहे. झेरॉक्स निघंल का ते सांगा."

खोक्यात जाड कागद होते. काही पिवळट, काही भिंतीवरच्या जुन्या कॅलेंडरची पानं. मी एक उचलला. त्यावर अक्षर म्हणून काहीच नव्हतं. उन्हात धरल्यावर बारीक पुरळ उठल्यासारखे ठिपके दिसले.

"मंदाची पत्रं आहेत," भाऊ म्हणाले. "लग्नाच्या आधीची. मी इथं लागलो तेव्हा ती धुळ्यालाच होती. ब्रेलमध्ये लिहायची."

मग त्यांनी अडचण सांगितली. ब्रेल बोटांनी वाचतात, आणि बोट फिरून फिरून ठिपका बसत जातो. त्यांनी ती पत्रं इतकी वाचली होती, की जे सगळ्यात आवडतं ते सगळ्यात जास्त सपाट झालं होतं. वर त्यांना साखरेचा आजार. बोटांची टोकं बधिर व्हायला लागलेली. नवा, टोकदार ठिपका अजून लागायचा, पण झिजलेला लागत नव्हता.

"डॉक्टर म्हणतात, बोटं आणखी जातील. कधी ते सांगता येत नाही. तोवर एकदा नीट वाचायचंय."

मी विचारलं, "दुसऱ्या कुणाकडून वाचून घेतली तर? तुमच्या शाळेतले मित्र असतील."

भाऊंनी खोक्यावर हात ठेवला. "बायकोची पत्रं आहेत ना ताई. वाचता येणाऱ्याला कशी देऊ? तुम्हाला ब्रेल येत नाही, म्हणून तर तुमच्याकडे आलो."

एवढ्या वर्षांत मला काहीतरी येत नाही म्हणून काम मिळाल्याची ही पहिलीच वेळ.

खोक्यात तळाशी एक पत्र वेगळंच लागलं. गुळगुळीत, चकचकीत, प्लास्टिकमध्ये बंद. भाऊंनी ते आधी बाजारातल्या एका दुकानात नेलं होतं. टिकून राहील असं काहीतरी करा, म्हणाले. दुकानदाराने जपून लॅमिनेशन करून दिलं, आणि अंध माणसाचं काम म्हणून पैसेही घेतले नाहीत. लॅमिनेशनमध्ये कागद दोन तापलेल्या रुळांमधून दाबून काढतात. सगळे ठिपके एका क्षणात भुईसपाट. भाऊंनी दुकानातच त्यावर बोट फिरवलं होतं.

"काय म्हणालात त्याला?"

"थँक्यू म्हणालो. त्यानं चांगल्या मनानं केलं होतं."

मी साहेबांना जाऊन विचारलं. साहेब म्हणाले, कागद तुमचा आणा आणि सुट्टीच्या वेळात काय करायचं ते करा.

पहिली प्रत काढली ती पांढरीफेक आली. मशीनला फक्त काळं-पांढरं कळतं, उंच-सखल कळत नाही. शाई गडद करून काढली तर सगळा कागद राखाडी झाला, त्यात कुठे कुठे सावलीचे डाग. शिवाय पत्र काचेवर पालथं घातलं की ठिपके खाली, त्यावर कागदाचा भार, त्यावर झाकणाचा. मी चटकन उचललं. प्रत काढता काढता मूळच संपायचं. ट्रेचा तर प्रश्नच नव्हता, त्यात लॅमिनेशनसारखेच रूळ असतात.

भाऊ स्टुलावर बसून मशीनचा आवाज ऐकत होते. "काय आलं?"

"काही नाही आलं, भाऊ. मला जरा सांगा, हे लिहितात कसं?"

दुसऱ्या दिवशी ते पाटी घेऊन आले. धातूची दोन पात्यांची पट्टी, तिच्यात कागद अडकवायचा. वरच्या पात्याला खिडक्यांच्या रांगा, प्रत्येक खिडकी सहा ठिपक्यांचं एक घर. लाकडी मुठीच्या जाड सुईने, तिला स्टायलस म्हणतात, त्या घरात ठिपके टोचायचे. आणि टोचायचं उजवीकडून डावीकडे, कारण आपण टोचतो कागदाच्या मागच्या बाजूने. कागद उलटला की ठिपके वर येतात आणि डावीकडून उजवीकडे वाचता येतात.

"म्हणजे वहिनींचा हात लागला तो मागच्या बाजूला," मी म्हणाले.

"हो. पुढच्या बाजूला माझाच."

मी पत्र उलटं केलं आणि खिडकीच्या उजेडात तिरकं धरलं. पुढून जिथे काहीच उरलं नव्हतं, तिथे मागून सुईचा बारका खड्डा स्वच्छ दिसत होता. भाऊंच्या बोटांनी ठिपक्याचं डोकं बसवलं होतं, पण सुई जिथे टेकली ती खूण मिटली नव्हती.

मी मागची बाजू काचेवर ठेवली. आता ठिपके वर होते, दाबले जायची भीती नव्हती. झाकण उघडंच ठेवलं आणि उजेड आत येऊ नये म्हणून वर एक काळं कापड तंबूसारखं धरलं. शाई गडद केली. मशीनचा दिवा एका बाजूने सरकत गेला आणि खड्ड्याखड्ड्यात सावली पडली. प्रत बाहेर आली तेव्हा तिच्यावर ओळीने काळे ठिपके होते, आणि वहिनींना लिहिताना जसे समोर असतील तसेच, उजवीकडून डावीकडे.

"भाऊ, आलं," मी म्हणाले.

त्यांनी हात पुढे केला. मी प्रत हातात दिली. त्यांनी बोट फिरवलं, आणि मला माझी चूक कळली. त्यांच्यासाठी तो कोरा कागद होता.

"निम्मं काम झालंय," मी म्हणाले. "आता हे बघून मला टोचावं लागेल."

असं सुरू झालं ते काम. प्रत समोर ठेवायची आणि घर पाहून घर टोचायचं. अर्थ कळायची गरज नव्हती. भरतकामाचा नमुना उतरवतात तसं. तरी पहिले काही दिवस मी नुसता जाड ड्रॉइंग पेपर वाया घालवत होते. जोर जास्त झाला की कागद फाटायचा, कमी झाला की ठिपकाच उठायचा नाही. कॅलेंडरच्या पानांवर तर मागे छापलेल्या तारखा. प्रतीत तारखांचे आकडे आणि वहिनींचे ठिपके यांची नुसती खिचडी. ती पानं मी घरी जेवणाच्या टेबलावर टेबललॅम्प आडवा करून पेन्सिलीने उतरवून घेतली. नवरा म्हणायचा, शाळेतून मी निवृत्त झालो आणि तू भरती झालीस.

पहिलं पत्र पुरं झालं ते मी भाऊंच्या पुढ्यात ठेवलं. त्यांनी दोन्ही हातांची बोटं कागदावर ठेवली आणि पहिल्या ओळीवरून सरकवली. तिथेच थांबले. परत मागे आले.

"ताई, हे मंदाचं अक्षर नाही."

"चुकलं का काही?"

"चूक एक-दोन असंल, ती कळती. पण हात तुमचा आहे. तिचा हात हलका होता. ठिपका नुसता टेकवल्यासारखा. तुम्ही जोर लावता."

मग त्यांनी बोट पुन्हा ओळीवर आणलं.

"पण बोलतीय तीच," म्हणाले. "जोर राहू द्या. मला आता जोराचंच लागतं."

पुढचं ते मनातल्या मनात वाचत गेले. मी मशीनकडे तोंड करून उगाच कागद फुलवत बसले. मध्येच एकदा त्यांच्या हसण्याचा आवाज आला. कशाला हसले ते मी विचारलं नाही.

पत्रं पुढे सरकत गेली तशी एक पंचाईत झाली. प्रत्येक पत्राच्या सुरुवातीला ठिपक्यांचा एकच गट यायचा आणि शेवटी दुसरा. पहिलं त्यांचं नाव आणि शेवटचं वहिनींचं, हे न शिकताही कळलंच. त्या दोन नावांतली अक्षरं मग मधल्या ओळींतही दिसायला लागली. एकदा टोचता टोचता एक अख्खा शब्द माझ्या तोंडात आला. 'दमदार.' मी सुई खाली ठेवली. मला येत नाही या भरवशावर हे काम दिलं होतं, आणि मला यायला लागलं होतं.

दुसऱ्या दिवशी मी भाऊंना सांगून टाकलं. "मला अक्षरं कळायला लागलीत. तुम्ही म्हणाल तर इथेच थांबवते."

बोर्डावर फोन वाजला. त्यांनी तो प्रसन्न आवाजात जोडून दिला, मग माझ्याकडे वळले.

"काय कळलं?"

"तुमचं नाव, वहिनींचं नाव, आणि 'दमदार'."

"ते गाण्याच्या बाईंबद्दल आहे. त्यांचा आवाज दमदार होता." ते किंचित हसले. "थांबवू नका. आता चुका कमी होतील."

तरीही मी टोचताना मुद्दाम शेवटच्या घराकडून, म्हणजे उलटीकडून काम करायला लागले, म्हणजे वाक्य जुळत नाही. ही युक्ती मी त्यांना सांगितली नाही. पण भाऊंना ती ऐकू आली असणार. टोचण्याच्या आवाजावरून ओळ कुठून कुठे चाललीय ते त्यांना कळायचं.

शेवटी राहिलं ते लॅमिनेशनचं पत्र. मी ते पुढे ढकलत होते. प्लास्टिक काढायला जावं तर कागदाचा वरचा थर सोलून येतो, म्हणून ते काढता येत नव्हतं. काचेवर ठेवलं तर मशीनचा दिवा चमकून सगळं पांढरं व्हायचं. बऱ्याच खटपटीनंतर ते काचेवर जरासं तिरकं, एका कडेखाली पुठ्ठ्याचा तुकडा सारून ठेवलं तेव्हा चमक गेली आणि पुसट खुणा आल्या. वरच्या ओळी आल्या. खालच्याही आल्या. मधल्या ओळींच्या जागी मात्र गुळगुळीत पट्टा होता. तिथे रुळांनी कागद पार इस्त्री केला होता. मी लॅम्प लावून, भिंग धरून, उन्हात नेऊन, सगळ्या बाजूंनी पाहिलं. काही नव्हतं.

मी आलं तेवढं टोचलं, मधली जागा कोरी सोडली आणि पत्र घेऊन भाऊंकडे गेले. कागदांच्या बाबतीत मला सहसा हार मानावी लागली नव्हती. या वेळी मात्र लागली.

"भाऊ, यात मधलं काही आलं नाही. जे जमलं ते केलं."

"हे कोणतं पत्र आहे माहितीय का?" त्यांनी विचारलं.

"नाही."

"मी तिला लग्नाचं विचारलं होतं. त्याचं उत्तर. सगळ्यात महत्त्वाचं म्हणून हेच आधी दुकानात नेलं."

ते वाचायला लागले. वरच्या ओळी सावकाश वाचल्या. मग बोट कोऱ्या पट्ट्यावर आलं आणि तिथे नुसतं मागे-पुढे फिरत राहिलं. मला बघवेना.

"वहिनींचा होकारच गेला," मी म्हणाले.

"होकार कुठं होता त्यात," भाऊ म्हणाले. "मंदानं 'हो' असं कधी लिहिलंच नाही. वर शाळेचं सगळं लिहिलं, खाली तब्येतीचं, आणि मधी एवढंच, की धुळ्याहून सिल्वासाला थेट गाडी आहे का."

मी खुर्ची ओढून त्यांच्या बोर्डाशेजारी बसले. कागद त्यांच्या हातातून घेतला, पाटीत अडकवला आणि कोरी जागा खिडक्यांखाली आणली.

"सांगा, मी टोचते. वहिनींच्याच शब्दांत सांगा."

त्यांनी एकेक अक्षर सांगितलं आणि मी टोचलं. या वेळी उलटीकडून नाही, सरळ, जसं लिहितात तसं. 'गाडी'मध्ये मी एक ठिपका जास्त दिला तो त्यांना आवाजावरून कळला. तो मी पाटी उघडून नखाने दाबून बसवला. पुरं झाल्यावर मी कागद काढून त्यांच्यापुढे ठेवला आणि त्यांनी बोट ओळीवरून नेलं. शेवटच्या प्रश्नचिन्हावर ते बराच वेळ थांबले.

"होती का हो तेव्हा थेट गाडी?" मी विचारलं.

"नव्हती," भाऊ म्हणाले. "पण मी 'आहे' म्हणून कळवलं."